प्लॅन तुमचा, वही तिची

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी दहावीत आहे. दोन वर्षांपासून तिला गिनीपिगचा नाद आहे. प्रत्येक पिल्लाची नोंद ती वहीत ठेवते. तिची ही हुशारी ओळखून मी ठरवलं की तिने जेनेटिक्समध्येच करिअर करायचं. एक उत्तम नर, दहा माद्या, पुढे भावा-बहिणींच्या जोड्या लावून दोन वर्षांत तीन पिढ्या आणि चमकदार केसांची एक शुद्ध लाइन, असा प्रोजेक्ट मी आखून दिला. पुढे प्रवेशअर्जात तो उठून दिसेल. पण चार महिन्यांपूर्वी एका वेतात पांढरं, आंधळं पिल्लू जन्मलं आणि चौथ्या दिवशी गेलं. तेव्हापासून तिने वही उघडलेली नाही. भावा-बहिणीची जोडी लावणार नाही म्हणते. त्या पिल्लाचे आईबाप तर मी दोन वेगळ्या ठिकाणांहून आणले होते, त्यांचं काही नातंच नव्हतं. म्हणजे नात्याची भीती निराधार आहे. सहामाहीत गणिताचे मार्क घसरले. तिला पुन्हा मार्गावर कसं आणू? कोणत्या परीक्षेची तयारी करून घेऊ? वहीच्या काही पानांचे फोटो सोबत जोडले आहेत. – एक वडील

उत्तर: नमस्कार. सगळ्यात आधी एक विचारते. ते पिल्लू गेलं त्या दिवशी तुम्ही मुलीशी काय बोललात? पत्रात ते कुठेच नाही. पत्रात 'मी ठरवलं' आहे, 'मी आखून दिला' आहे, 'मी आणले' आहे. तिचं स्वतःचं म्हणता येईल असं एकच वाक्य आहे, भावा-बहिणीची जोडी लावणार नाही हे, आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय.

मुलांच्या आवडीला विरोध करणारे पालक मला नेहमी भेटतात. तुम्ही विरोध केला नाहीत, याचं समाधान तुमच्या पत्रभर दिसतं. पण आवड मुलीच्या हातातून काढून घेऊन स्वतः चालवायला लागणं हाही दबावच आहे, आणि तो ओळखायला जास्त अवघड. 'डॉक्टरच हो' म्हणणाऱ्या बापाशी मुलगी भांडू तरी शकते. इथे तिने कशावरून भांडायचं? तिला आवडतं तेच तर तुम्ही करायला सांगताय. मग तिने तिच्या हातात होतं तेवढं केलं, वही मिटली. पिंजऱ्यापाशी ती निवांत बसत असेल, तिथे आता पिढ्यांचं टार्गेट येऊन बसलंय आणि प्रवेशअर्ज येऊन बसलाय. शिवाय एका पिल्लाचा मृत्यू, ज्याचा दोष ती स्वतःकडे घेऊन बसली असावी अशी मला दाट शंका आहे. गणिताच्या मार्कांचं मूळ मला इथे दिसतं. अभ्यासाच्या तासांचा हिशोब मांडून ते सापडणार नाही.

आता त्या पिल्लाबद्दल, कारण तुमचा मोठा गैरसमज इथेच झालाय. वहीच्या फोटोत तिने आईबापांचं वर्णन नीट लिहून ठेवलंय. मादी: करडी, अंगभर पांढरे केस मिसळलेले, डोकं पूर्ण करडं. नर: तांबडा, अंगभर पांढरे केस मिसळलेले, डोकं पूर्ण तांबडं. या रंगाला रोन म्हणतात. ठिपक्यांच्या डाल्मेशियन गिनीपिगमध्येही हेच जनुक असतं. या जनुकाची एक प्रत असली तर देखणा रंग येतो आणि प्राणी निरोगी राहतो. दोन प्रती एकत्र आल्या तर पिल्लू पांढरं जन्मतं, डोळे अगदी लहान किंवा आंधळे, अनेकदा बहिरं, दात वेडेवाकडे. अशी बरीच पिल्लं लवकर दगावतात. रोनला रोन लावला की प्रत्येक पिल्लामागे ही शक्यता चारात एक असते, मग आईबाप एकमेकांचे कोणी लागोत वा न लागोत. म्हणून माहीतगार माणसं ही जोडी कधीच लावत नाहीत. यावरून 'नात्याची भीती निराधार' असा निष्कर्ष निघत नाही. इथे ठाऊक असलेलं, डोळ्यांना दिसणारं जनुक दोन्ही बाजूंनी आलं. निकट नात्यातल्या पैदाशीत, म्हणजे इनब्रीडिंगमध्ये, न दिसणारी जनुकं दोन्ही बाजूंनी येतात. नात्याबाहेरचा नर आणला की त्या वेतापुरतं इनब्रीडिंग शून्य होतं हे खरंच, पण तो स्वतःची जनुकं घेऊनच येतो. तुमचा नर रोन घेऊन आला. मुलीला हे आजच सांगा, आणि नर-मादी दोन्ही तुम्ही निवडली होती, हेही त्याच वाक्यात सांगा.

आता तिच्या नकाराकडे येते. सख्ख्या भावा-बहिणीच्या पिल्लात इनब्रीडिंगचा गुणांक 25 टक्के येतो. म्हणजे पिल्लाच्या कोणत्याही एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असण्याची शक्यता चारात एक. पुढच्या पिढीत पुन्हा भाऊ-बहीण लावले तर 37.5 टक्के, त्याच्या पुढे 50. तुमचा प्लॅन तिसऱ्या पिढीला 37.5 वर नेऊन ठेवतो. बरं, भाऊ-बहीण टाळले तरी नर एकच, म्हणजे पहिल्या पिढीतलं प्रत्येक पिल्लू दुसऱ्याचं निदान सावत्र भावंड. त्यांच्या जोड्या लावल्यावर 12.5 टक्के ठरलेलेच. दहा माद्या म्हणजे पाया मोठा, असं तुम्हाला वाटलं, पण हिशोब नरांच्या संख्येवर अडतो. पैदाशीत नर आणि माद्या किती आहेत, यांच्या गुणाकाराला चारने गुणायचं आणि त्यांच्या बेरजेने भागायचं, की कळपाचा परिणामकारक आकार मिळतो, म्हणजे जनुकांच्या हिशोबाने तो कळप किती प्राण्यांइतका ठरतो ते. एक नर, दहा माद्या: 3.6. चार नर, आठ माद्या: 10.7. अकरा प्राणी आणि बारा प्राणी, फरक एकाच प्राण्याचा, पण पहिल्या कळपात इनब्रीडिंग दर पिढीला सुमारे 14 टक्क्यांनी वाढतं आणि दुसऱ्यात 5 टक्क्यांच्याही आत राहतं. म्हणून ज्यांना कळप खरोखर टिकवायचा असतो ते त्याचे चार गट पाडतात आणि पहिल्या गटातले तरुण नर दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, असे फिरते ठेवतात. माद्या आपापल्या गटातच राहतात.

हा गुणांक ज्यांनी मांडला त्या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ सूअल राइट यांचं काम गिनीपिगवरच झालं होतं, हे मुलीला ठाऊक नसेल तर जरूर सांगा. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1906 मध्ये गिनीपिगच्या अनेक कुळांत पिढ्यान् पिढ्या फक्त सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावायला सुरुवात केली. राइट 1915 मध्ये तिथे रुजू झाले आणि साठलेल्या नोंदींचा ढीग त्यांच्यासमोर आला. वेतातल्या पिल्लांची संख्या, जन्माचं वजन, जगण्याचं प्रमाण, सगळंच सर्वसाधारणपणे उतरत गेलेलं. पण प्रत्येक कुळाचा उतार वेगळा, कुठे वजन ढासळलं तर कुठे पिल्लं जगेनात. दोन वेगळ्या कुळांचा संकर केल्यावर पिल्लं पुन्हा जोमदार झाली. म्हणजे दोष इनब्रीडिंगने निर्माण केले नव्हते. ते आधीपासून दडलेले होते आणि जोड्या जवळच्या लागल्या तसे उघडे पडले. 1922 मध्ये राइट यांनी गुणांक प्रसिद्ध केला. तुम्ही ज्याला 'शुद्ध लाइन' म्हणताय ती करायला निदान वीस पिढ्या भावंडांच्या जोड्या लावाव्या लागतात, आणि वाटेत कित्येक कुळं नामशेष होतात. घरातल्या पिंजऱ्यात हे कुणी करू नये, दहावीतल्या मुलीने तर नाहीच. चमकदार केसांचा हट्टही सोडा. साटन नावाची ती झळाळी जनुकाच्या दोन प्रती आल्यावरच उतरते आणि तिच्याबरोबर हाडं पोकळ, ठिसूळ करणारा आजार जोडलेला आहे.

पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय की वहीत ती पायांची बोटं मोजण्यासारख्या निरर्थक गोष्टी भरत बसते. मी ते पान दोनदा पाहिलं. गिनीपिगच्या पुढच्या पायांना चार-चार बोटं असतात, मागच्यांना तीन-तीन. तिने लिहिलंय: 'दुसरं पिल्लू, मागच्या डाव्या पायाला चौथं बोट, लहान, नख आहे. आईला नाही. बाबाला नाही. मावशीला आहे.' राइट यांनी याच चौथ्या बोटावर कितीतरी वर्षं काम केलं. जवळपास एकसारखी जनुकं असलेल्या कुळातही ते काही पिल्लांना येतं, काहींना येत नाही. आईच्या वयाचासुद्धा परिणाम दिसतो. एका जनुकाने न सुटणाऱ्या या कोड्यातून त्यांनी 1934 मध्ये मांडलेली कल्पना, अनेक लहान कारणांची बेरीज एका मर्यादेपलीकडे गेली की लक्षण दिसतं ही, आजही माणसांच्या आजारांच्या अभ्यासात वापरतात. कुणी न सांगता मावशीच्या पायापर्यंत जाऊन बघणारी मुलगी तुमच्या घरात आहे. त्या पानावर तुमची 'निरर्थक' ही शेरेबाजी पेनाने केलेली दिसते. दुसऱ्याच्या नोंदवहीवर लिहायचं नसतं.

प्लॅन पुढे ढकलून परीक्षेनंतर सुरू करू, असा मधला मार्ग तुमच्या मनात येईल. तो बंद आहे. मादीचं पहिलं वेत साधारण सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर कमरेखालचा सांधा घट्ट होतो, पिल्लू अडतं आणि मादी जिवाला मुकू शकते. म्हणजे आज ज्या माद्या व्यालेल्या नाहीत त्या परीक्षा होईपर्यंत पैदाशीच्या वयाबाहेर गेलेल्या असतील. त्यांना तसंच जगू द्या, नीट काळजी घेतली तर गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगतात. नर आजच वेगळा करा, कारण व्यायल्यावर काही तासांत मादी पुन्हा माजावर येते आणि लगेच गाभण राहते. लहान नर पिल्लंही तीन आठवड्यांची झाली की आईपासून आणि बहिणींपासून काढायची. तुमच्या हिशोबात दहा माद्यांची पिल्लं कुठे जाणार, याची एक ओळही नाही. वर्षाला दोनच वेतं आणि वेताला तीन पिल्लं धरली तरी साठ होतात, त्यातले निम्मे नर, आणि मोठे नर एकमेकांशी भांडतात. हा प्रश्न तिला पडला असणार, म्हणून ती थांबली.

परीक्षेबद्दल एवढंच: अकरावी-बारावीला जीवशास्त्राबरोबर गणित ठेवलं तर 'नीट' प्रवेशपरीक्षेतून पशुवैद्यक पदवी आणि पुढे पशुप्रजनन व आनुवंशिकी, किंवा बी.एस्सी. करून आनुवंशिकी अथवा संख्याशास्त्र, हे सगळे रस्ते उघडे राहतात, आणि ते निवडायला अजून दोन वर्षं आहेत. 'जेनेटिक्समध्येच' हा शब्द मात्र परत घ्या. सोळाव्या वर्षी तिला खगोलशास्त्र आवडू लागलं तर तुमचं काही बुडत नाही.

पुढचं तिला वाचायला द्या, आणि ती वाचत असताना शेजारी बसू नका.

तुझी पानं पाहिली. ते पिल्लू तुझ्या नोंदीतल्या कुठल्या चुकीने गेलं नाही. रोनला रोन लागला होता, आणि तू रंग नीट लिहून ठेवलेस म्हणूनच मला ते दुरून कळलं. त्या वेतातल्या उरलेल्या दोघांपुढे त्यांच्या अंगावर मिसळलेले पांढरे केस आहेत का ते लिही. पांढरे पट्टे जास्त असलेल्या प्राण्यात रोन लपून राहू शकतो, तेव्हा खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह दे. पैदास थांबवलीस हा निर्णय तुझा आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. नव्या पिल्लांशिवायही वही चालू ठेवता येते, वाटलं तर. वंशावळीत कुठल्याही दोघांचा समान पूर्वज शोध, एकापासून त्या पूर्वजापर्यंत आणि तिथून दुसऱ्यापर्यंतच्या वाटेवरचे सगळे प्राणी मोज, ते दोघे आणि पूर्वज धरून. तीन आले तर अर्ध्याचा तीनदा गुणाकार, म्हणजे एक अष्टमांश, हा त्या दोघांना होऊ शकणाऱ्या पिल्लाचा इनब्रीडिंगचा गुणांक. एकापेक्षा जास्त वाटा असतील तर बेरीज. पूर्वज स्वतः निकट नात्यातून जन्मलेला असेल तर आकडा थोडा वाढतो, ते दुरुस्तीचं गणित नंतर बघू. मावशीचं चौथं बोट कुणाकडून आलं असेल, ते आधी अंदाजाने लिही आणि मग तपास. नाही वाटलं तर वही मिटलेलीच राहू दे, गिनीपिगना चारा आणि क जीवनसत्त्व मिळालं की त्यांचं भागतं.

वडिलांना शेवटचं: पुढचं पत्र तिला लिहावंसं वाटलं तर ती लिहील आणि मी उत्तर देईन. तिच्या वतीने तुम्ही लिहू नका.