हे अकाउंट उडवू का?

"मॅडम, आज रात्री इन्स्टाग्रामवरचं सगळं डिलीट करतोय. एकदा कुणाला तरी सांगावं म्हणून आलो." खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. गिटार वाजवतात, स्वतःची गाणी रचतात, चाळिशीच्या आसपासचे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जुनी साइट सोडली तर लोक विसरतील, नवीवर गेलो नाही तर मागे पडू, ही भीती समुपदेशक म्हणून मी कलाकारांकडून नेहमी ऐकते. यांच्याकडे मात्र भीतीपेक्षा राग जास्त होता.

पहिल्या भेटीत मी ठरीव सल्ला दिला: रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. चूक माझीच. कार्यक्रमांची विचारणा त्यांना मेसेजवरच येते. पुढच्या वेळी ते जास्तच अस्वस्थ होऊन आले.

मग मी एक मोठा कागद पुढे केला. वरच्या ओळीत साइट, खालच्या ओळीत आयुष्य, वर्षाखाली वर्ष.

2005, मायस्पेस, तेव्हाची गाजलेली सोशल साइट. पानाची सजावट आपली, पान उघडलं की आपलं गाणं वाजायला लागायचं, लाडके आठ दोस्त पुढच्या रांगेत. सांगताना चेहरा उजळला. 2008 मध्ये फेसबुकने जगभरात मायस्पेसला गाठून मागे टाकलं, तेव्हा हे हसले होते: "तिथे लोक लग्नाचे फोटो बघतात, गाणं कोण ऐकणार?" 2010 मध्ये स्वतःच तिकडे गेले आणि जुनं प्रोफाइल गाण्यांसकट उडवून टाकलं. खालच्या ओळीत 2010 समोर त्यांनी लिहिलं, "बँड फुटला." आणि पेन खाली ठेवलं.

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढची वर्षं भराभर भरली. काही काळ फेसबुकचं कौतुक, मग "पान लाइक केलेल्या सगळ्यांनाही माझी पोस्ट दिसत नाही" ही तक्रार. 2020 मध्ये इन्स्टाग्रामवर रील्स आले, तेही सुरुवातीला 15 सेकंदांचे. "माझ्या गाण्याची नुसती सुरुवातच वीस सेकंदांची!" मग त्यांचीच एक क्लिप तुफान चालली आणि इन्स्टाग्राम एकदम गुणी झालं. पुढच्या तीन पडल्या आणि ते माझ्याकडे आले. साइट तीच, पण आठ दिवसांत देव्हाऱ्यातून उकिरड्यावर.

प्रत्येक रागाचं मूळ मनातच शोधायची आम्हा समुपदेशकांना खोड असते. यांचा निम्मा राग रास्त होता. या कंपन्या जाहिरातींवर चालतात. गाणं तिथे लोकांना थांबवून धरण्याचं साधन. शिवाय कधी भरभरून दाद, कधी काहीच नाही, ही अनिश्चितताच माणसाला खिळवून ठेवते. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांतली कबुतरं दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, की बटणावर चोच मारतच राहायची. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी कबूतर." मी म्हटलं, "पोस्ट टाकल्यावरचा पहिला तास तरी."

उरलेला निम्मा राग कागदावरच होता. 2010 मध्ये त्यांना तोडायचं होतं ते तीन मित्रांशी, तुटलं प्रोफाइल.

क्लिप पडली त्या दिवशी डिलीटचा निर्णय घ्यायचा नाही, सात दिवस थांबायचं, असं ठरलं. पोस्ट टाकली की संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. विचारणांचे मेसेज मात्र बघायचे. जे खरोखर कार्यक्रमांना येतात त्यांचे ईमेल स्वतःच्या वहीत. आणि मूळ फाइली घरी, दोन ठिकाणी. 2015 पूर्वी मायस्पेसवर चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं, हे त्या कंपनीने 2019 मध्ये मान्य केलं होतं. म्हणजे यांनी तेव्हा रागाच्या भरात काही उडवलं नसतं, तरी गाणी बहुधा हाती लागली नसतीच. हे ऐकून ते जरा सैलावले. मला वाटलं होतं, खट्टू होतील.

पाचव्या भेटीला अकाउंट शाबूत होतं. त्यांनी ड्रमरला फोन केला होता, कित्येक वर्षांनी. त्याच्याकडे एक सीडी निघाली, नऊपैकी चार गाणी.

"तिसऱ्यात ठेका घसरलाय, मॅडम. त्यावरून भांडलो होतो तेव्हा." फोनवर त्यांनी ते गाणं लावलं. ठेका खरंच घसरला होता.

"हे टाकणार का कुठे?" मी विचारलं.

"त्याला विचारतो आधी," ते म्हणाले.