कागदावरचा आजोबा

प्रश्न : 80 किलोमीटरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचं मनात आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत सहा वर्षांचा एक घोडा पसंत पडलाय. बाप आणि आजोबा अरबी असल्याचे कागद आहेत म्हणून मालक पाऊण लाख जास्त मागतो. वंशावळीला एवढं मोल द्यावं का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : शिंगरू असतं तर म्हटलं असतं, द्या. त्या वयात रक्ताशिवाय पाहण्यासारखं फार काही नसतं. अरबी रक्ताचा लांब पल्ल्यातला मान काही उगाच नाही. कॅलिफोर्नियात 1955 साली सुरू झालेली 100 मैलांची टेव्हिस शर्यत बहुतेकदा अरबी घोड्यांनीच मारली आहे. पण तुमचा घोडा सहा वर्षांचा बाप्या आहे. आता आजोबाला कशाला विचारता, त्यालाच विचारा की!

तासभर दुडकीवर ठेवा, थांबवा आणि डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावा. शर्यतीच्या थांब्यांवर पशुवैद्य हेच करतात. ठरलेल्या वेळेत ठोके मिनिटाला 64 वर उतरले नाहीत तर घोडा बाद. मग खूर आणि गुडघ्याखालचं नळीचं हाड तपासा. कडक जमिनीवर चालवून लंगड बघा. देवमण आणि भोवरे, म्हणजे अंगावरची शुभ मानलेली केसांची वळणं, मालक स्वतःच दाखवील.

आता माझी फजिती ऐका. उत्तरेतून तीन पिढ्यांच्या कागदांचा घोडा ठाण्याला आणला. पहिल्याच मे महिन्यात त्याचा घाम आटला. दमट हवेत काही घोड्यांचं असं होतं : कातडी कोरडी ठणठणीत, नाकपुड्या फुगलेल्या, अंग तापलेलं. पाणी मारून, पंख्याखाली बांधून कसाबसा पावसाळ्यापर्यंत काढला आणि थंड मुलखात पाठवून दिला. शेजारच्या ठाणावर माझी भीमथडी, म्हणजे दख्खनच्या देशी जातीची, घोडी होती. धनगराकडून घेतलेली, दिवाळीनंतर कळपामागे ओझं घेऊन घाट उतरणारी. तिच्या बापाचा पत्ता धनगरालाही ठाऊक नव्हता. ती त्याच मे महिन्यात घामाने निथळत मजेत चालत होती.

कागद बघायचेच तर आईचे बघा. बापाचं कौतुक सगळेच सांगतात. तिची बाकीची पोरं किती वर्षं पायांवर टिकली, हे कुणी सांगत नाही.

आणि यात्रा दत्तजयंतीची, थंडीतली. तिथे घामाची परीक्षा होत नाही. मालकाला एवढं विचारा : या घोड्याने किनारपट्टीवर एखादा मे महिना काढलाय का?