कीटकांच्या पेशी उपाशी ठेवल्या आणि एमटीटी या रंगाच्या चाचणीत रीडिंग पडलं, म्हणजे पेशी मेल्या असंच धरायचं ना?

अजिबात नाही. याच एका वाक्यावरून माझं आणि लॅबमधल्या एका सिनिअरचं कित्येक महिने धड बोलणं नव्हतं, त्यामुळे उत्तर जरा लांबणारच.

झालं असं की मी एसएफ-९ पेशींना (अमेरिकन लष्करी अळीची लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) ग्लुकोज आणि ग्लुटामिन काढलेल्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी एमटीटीचा जांभळा रंग जेमतेम, मायक्रोस्कोपखाली पेशी आक्रसलेल्या, आत बुडबुड्यांसारखी व्हॅक्युओल्स. सिनिअर लांबूनच म्हणाला, मेल्या, ब्लीच ओत आणि नवीन बॅच लाव. मी ट्रायपॅन ब्लू (मेम्ब्रेन, म्हणजे पेशीचं आवरण, फाटलेल्या मेलेल्या पेशींतच शिरणारा निळा रंग) टाकून बघितलं तर बहुतेक पेशी स्वच्छ, निळ्या झालेल्या अगदी थोड्या. एक फ्लास्क गुपचूप ठेवला, ताजा मीडिया दिला, २७ अंशांवर परत. दोन दिवस ढिम्म. नंतर खाली चिकटलेल्या पेशींत जोड्या दिसायला लागल्या, म्हणजे विभाजन सुरू!

अहो, एमटीटी पेशीची चयापचयाची लगबग मोजते, मरण नाही. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) घटून एएमपी (ते खर्चून उरणारा रेणू) वाढलं की एएमपीके हे ऊर्जेवर नजर ठेवणारं एन्झाइम जागं होतं, वाढीचा हुकूम देणाऱ्या टॉर या प्रथिनाला दाबतं, पेशी वाढ थांबवते आणि ऑटोफॅजीने स्वतःचंच सामान खाऊन दिवस काढते. उपाशी फळमाशीच्या अळीत फॅट बॉडीच्या (चरबी साठवणाऱ्या अवयवाच्या) पेशी हेच करतात. अशा पेशीचं रीडिंग पडणारच की.

मरतात कधी? ताण लांबला तर कॅस्पेजवाली अपॉप्टोसिस, म्हणजे कॅस्पेज या एन्झाइमांनी पेशीने स्वतःच ओढवून घेतलेलं मरण, एसएफ-९ मध्ये ती ओळखू येते, पेशीला फोड येतात आणि तिचे बारीक गोळे होतात. पण असं शिस्तीत मरायलाही थोडं एटीपी लागतं, तेही उरलं नाही तर पेशी सरळ फुगून फुटते, नेक्रोसिस. किती तासांत, ते लाइन आणि मीडियावर आहे, माझा आकडा तुमच्या कामाचा नाही.

आणि हो, ट्रायपॅन ब्लूसुद्धा देव नाही, अपॉप्टोसिसच्या सुरुवातीला मेम्ब्रेन शाबूत असतं त्यामुळे पेशी जिवंतच दिसते. म्हणून खायला परत द्या आणि चार दिवस रोज मोजा. न मोजता लांबून "मेल्या" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही सिनिअर असो. आमच्या त्याच सिनिअर साहेबांनी पुढे त्याच फ्लास्कमधल्या पेशी फ्रीझ करायला मागून नेल्या, लेबलवर तारीख मात्र स्वतःच्या हाताने बदलून.