उलटणारी लिलियाना कमांडर असेल, तर डेक कसा बांधावा?

प्रश्न थोडक्यात असा: 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात (एक खास कार्ड डेकचं म्होरकं असतं आणि ते 'कमांड झोन' या वेगळ्या जागेतून पुन्हा पुन्हा खेळता येतं) मी 'लिलियाना, हेरेटिकल हीलर' घेतली आहे. ती उलटून प्लेनवॉकर (विरोधक ज्याच्यावर हल्ला करू शकतात असं कार्ड) झाली की माझी पुढची पाळी येईपर्यंत टिकतच नाही. ती आणखी लवकर उलटावी म्हणून कोणती कार्डं घालू?

लवकर उलटवणारी कार्डं वाढवू नका, अडचण तिथे नाहीच. मी कोथरूडला एका मित्राच्या घरी रविवारी चौघांत खेळतो आणि याच कमांडरचा डेक मी तीनदा मोडून बांधला आहे. पहिल्या दोन्ही वेळी ती चौथ्या पाळीला हमखास उलटायची आणि तिघं मिळून तिला लगेच संपवायचे. तिची लॉयल्टी (प्लेनवॉकरचं आयुष्य, शून्य झालं की ती मरते) फक्त 3 आहे आणि तुमची पाळी परत येईपर्यंत तीन जणांचे हल्ले होणार. 2/2 च्या (ताकद 2, टफनेस म्हणजे टिकाव 2) दोन क्रीचर्सना, म्हणजे लढणाऱ्या कार्डांना, वाट मोकळी मिळाली तरी काम झालं. त्यामुळे ती टिकेल असा डेक बांधायच्या मागे लागू नका. ती उलटली त्याच क्षणी पैसे वसूल होतील असा बांधा.

आधी कार्ड नीट वाचू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. 2015 च्या मॅजिक ओरिजिन्समधलं हे कार्ड तीन मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायचा खर्च, तो मुख्यतः लँड कार्डांतून मिळतो), 2/3, लाइफलिंक (दिलेल्या माराइतकं आयुष्य तुम्हाला मिळतं) असलेलं आहे. तुमचं दुसरं, टोकन (डेकमधलं कार्ड नसून खेळात तयार झालेलं) नसलेलं क्रीचर मेलं की लिलियाना एक्झाइल होऊन, म्हणजे खेळाबाहेर जाऊन, उलटी परत येते आणि 2/2 झाँबी देते. 'टोकन नसलेलं' हे शब्द अधोरेखित करा. माझ्या पहिल्या डेकमध्ये टोकन बनवणारी सात-आठ कार्डं होती आणि त्या टोकनांच्या मरण्याने ती जागची हलली नाही. आणखी एक: लिलियाना आणि दुसरं क्रीचर एकाच वेळी मेले तर ती परत येत नाही.

उलटल्यावर ती 'डिफायंट नेक्रोमॅन्सर' होते. क्षमता वापरली की तिच्या आकड्याइतकी लॉयल्टी वाढते किंवा घटते. +2 ने प्रत्येक खेळाडू एक कार्ड टाकतो. −X ने तुमच्या ग्रेव्हयार्डमधलं (मेलेल्या, टाकलेल्या कार्डांच्या ढिगातलं) X किमतीचं, लेजेंडरी नसलेलं क्रीचर थेट मैदानात येतं. उणे आठवाली एम्ब्लेमची (खेळभर टिकणाऱ्या परिणामाची) क्षमता विसरून जा, चौघांच्या टेबलावर तिथवर पोचणं जवळपास अशक्य आहे.

आता हे बघा. मैदानात लिलियाना आहे आणि तुमच्याकडे चार लँड आहेत. मेन फेजमध्ये तीन माना देऊन 'फ्लेशबॅग मरॉडर' खेळा. तो आला की प्रत्येकाने एक क्रीचर बळी द्यायचं. तुम्ही मरॉडरलाच बळी द्या. लिलियाना उलटली, झाँबी मिळाला. लगेच −3 करून मरॉडर परत आणा. पुन्हा सगळ्यांचा एकेक बळी, या वेळी तुम्ही झाँबी द्या. लॉयल्टी शून्य झाल्यामुळे लिलियाना मेली, पण ती कमांडर आहे, कमांड झोनमध्ये घरी गेली. हिशेब करा: तिघांची दोन-दोन क्रीचर्स गेली, तुमचा 3/1 मरॉडर उभा आहे आणि पुढच्या वेळी लिलियाना पाच मानाला येईल. उलटण्याचा टॅक्स लागत नाही, दोन माना वाढतात त्या कमांड झोनमधून पुन्हा खेळताना. तिला शून्यावर न्यायला मला भीती वाटायची. ती भीती गेली आणि डेक जिंकायला लागला.

दुसरा मार्ग म्हणजे उलटवण्याची वेळ. तुमच्या आधी ज्याची पाळी असते, त्याच्या एंड स्टेपला (पाळीच्या शेवटच्या टप्प्यात) 'व्हिलेज राइट्स' खेळून एखादं क्रीचर बळी द्या. दोन कार्डं मिळतात, लिलियाना उलटते आणि लगेच तुमची पाळी सुरू होते. मधे हल्ला करायला कुणाला संधीच नाही.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. समोरच्याने लिलियानावर मारक स्पेल टाकला की उत्तरादाखल 'व्हिसेरा सीअर'ला एक क्रीचर बळी द्या. उलटण्याचा ट्रिगर (आपोआप होणारा परिणाम) आधी सुटतो, परत आलेली लिलियाना नियमांनुसार नवी वस्तू ठरते आणि स्पेलला लक्ष्यच उरत नाही. 'सगळी क्रीचर्स नष्ट करा' असा स्पेल आला तरी हेच करा, झाँबी जाईल पण प्लेनवॉकर वाचेल. म्हणून बळी घेणारं, तेही इन्स्टंटच्या वेगाने, म्हणजे कुणाच्याही पाळीत, चालणारं काहीतरी मैदानात असल्याशिवाय मी आता लिलियाना सहसा खेळतच नाही, तिसऱ्या पाळीला माना हातात असली तरी.

यातून डेकची मांडणी आपोआप ठरते. बळी घेणारी आठेक कार्डं ठेवा: व्हिसेरा सीअर, कॅरियन फीडर, अ‍ॅशनॉड्स ऑल्टर, व्हिलेज राइट्स, डेडली डिस्प्यूट. 'स्कलक्लॅम्प' तर हवाच, एक टफनेसच्या क्रीचरला लावला की ते मरतं आणि दोन कार्डं हातात येतात. मरायला पुन्हा पुन्हा येणारी क्रीचर्स घ्या, जसं रीअसेम्ब्लिंग स्केलेटन, ब्लडगास्ट. आणि तीन मानाच्या कामाच्या क्रीचर्सची रांग लावा, कारण उलटल्या क्षणी X जास्तीत जास्त 3. मरॉडरचे भाऊबंद 'मर्सिलेस एक्झिक्यूशनर' आणि 'प्लेगक्राफ्टर' त्यात बसतात. 'बर्निश्ड हार्ट' स्वतःच स्वतःचा बळी देतो, दोन बेसिक लँड आणतो आणि X=3 ने परतही येतो.

पाच मानाचा 'ग्रे मर्चंट ऑफ अ‍ॅस्फोडेल' सगळे सुचवतील. घाला, पण हातातून खेळायला. +2 करून त्याला टाकायचं आणि पुढच्या पाळीला −5 ने आणायचं, हे समोरची मैदानं रिकामी असतानाच जमतं. शिवाय उलटलेल्या बाजूवर माना खर्च छापलेला नाही, त्यामुळे डिव्होशनमध्ये (मर्चंट मैदानावरच्या तुमच्या कार्डांच्या खर्चातली काळी चिन्हं मोजतो) ती शून्य धरली जाते. पुढच्या बाजूने असेल तर दोन मिळतात.

लँड 36, त्यावर सोल रिंग, आर्केन सिग्नेट धरून माना देणारी आठ-नऊ. टॅक्स तुम्ही मुद्दाम ओढवून घेणार आहात, त्यामुळे इथे काटकसर नको.

खर्चाचं म्हणाल तर मरॉडर, सीअर, व्हिलेज राइट्स आधी घ्या. बळी घेणारंच आणखी एक कार्ड, फिरेक्सियन ऑल्टर, महाग आहे, त्याच्यासाठी थांबलात तरी चालेल. लिलियाना शक्यतो फॉइल घेऊ नका, पुण्याच्या पावसाळ्यात फॉइल कार्डं वाकतात. दोन बाजूंच्या कार्डाला अपारदर्शक स्लीव्ह लागते, पण कमांडर सगळ्यांसमोर उघडाच असतो, त्याला पारदर्शक स्लीव्ह घाला म्हणजे दर वेळी काढून उलटवावं लागत नाही.