यूपीआय असताना ई-रुपया कशाला?

प्रश्न असा आलाय: भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतोच, मग रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया वेगळा कसा? आणि तो बिटकॉइनचाच प्रकार का?

वापरताना फरक जाणवत नाही, म्हणून गोंधळ होतो. मोबाइल तोच, क्यूआर कोडही तोच. पण खिशातली शंभराची नोट काढून बघा. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीवर धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन छापलंय. म्हणजे नोट हे रिझर्व्ह बँकेचं देणं. खात्यात दिसणारे शंभर रुपये हे तुमच्या बँकेचं देणं. यूपीआय फक्त निरोप पोचवतं: तुमच्या बँकेने तुमच्या नावचे कमी करायचे, भाजीवाल्याच्या बँकेने त्याच्या नावे जमा करायचे, बँकांनी आपसातला हिशेब नंतर मिटवायचा. ई-रुपयात नोटच या हातातून त्या हातात जाते, कागद तेवढा नसतो. 2022 च्या वित्त कायद्याने 'बँक नोट'च्या व्याख्येतच डिजिटल रूप घातलं आणि 1 डिसेंबर 2022 ला मुंबईसह चार शहरांत किरकोळ वापराची चाचणी सुरू झाली.

बँक अडचणीत येईपर्यंत हा फरक पुस्तकीच वाटतो. माझ्या मावशीचे पैसे एका सहकारी बँकेत होते. पैसे काढण्यावर निर्बंध आले त्या सकाळी ती पासबुक घेऊन शटरसमोर उभी होती. पासबुकात आकडा होता, पण घरी न्यायला पैसे नव्हते. ठेवींना विमा आहे, तोही 5 लाखांपर्यंतच. बँक बुडाली तरी ई-रुपया बुडत नाही.

मग सगळ्यांनीच पैसे तिकडे हलवले तर? खरी गाठ इथे आहे. बँका कर्जं देतात ती मुख्यतः ठेवींच्या जोरावर. ठेवी आटल्या की कर्ज महागणार. शिवाय अफवा उठली तर आज रोख काढायला निदान रांग लावावी लागते, उद्या मध्यरात्री अंथरुणातूनच खातं रिकामं करता येईल. ई-रुपयावर व्याज दिलेलं नाही, ते याचसाठी, आणि मला ते बरोबर वाटतं.

बिटकॉइन यात बसत नाही. ते कुणाचंच देणं नाही. संख्या 2 कोटी 10 लाखांवर बांधलेली, भाव फक्त मागणीवर. आपल्याकडे त्याच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, पण ते चलन नाही.

मला काळजी वाटते ती खासगीपणाची. यूपीआयने घेतलेला दहा रुपयांचा चहासुद्धा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येतो. ई-रुपयाच्या वॉलेटमध्ये पाचशे भरले की तिथे पाचशेचीच एक नोंद दिसते, पुढचा खर्च नाही. पण वॉलेट बँकच देते, आणि नोंद तिच्या यंत्रणेत उरतेच. लहान व्यवहार रोखीसारखे निनावी राहावेत असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. ते कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला हवं. चाचणीत ठरावीक कामासाठीच खर्च होणारे पैसेही आलेत. खतासाठी दिलेलं अनुदान खतावरच जाईल, हे चांगलंच. पण ती अट शेतकऱ्याच्या स्वतःच्या कमाईला कधीही लागू नये, हेही त्याच कायद्यात हवं.