थंडीतलं तळं: हीटर किती वॉटचा, हा प्रश्न नंतरचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चार बाय सहा मीटरचं तळं, साठ सेंटिमीटर खोल, त्यात कोई मासे, हिवाळ्यात पाणी तीनेक महिने गोठलेलं, तर हीटर किती वॉटचा घ्यावा? शेवटी लिहिलंय की खड्डा अजून खणलेला नाही. ते वाचून जीव भांड्यात पडला.

हीटरचं गणित आधी उरकतो. या मापाच्या तळ्यात साधारण १४ हजार लिटर पाणी मावेल. ते नुसतं एका अंशाने तापवायला जवळपास १७ युनिट वीज लागते, आणि उघड्या पाण्यावरून ती ऊब वाऱ्याबरोबर निघूनही जाते. पालथ्या घड्यावर पाणी. तळ्यासाठी म्हणून जे छोटे तरंगते हीटर मिळतात ते तळं तापवतच नाहीत, बर्फात एक भोक उघडं ठेवतात. गरजही तेवढीच असते.

माशांना वाचवते ती खोली. पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. म्हणून शांत, खोल तळ्यात तळाशी ४ अंशांच्या आसपासचा थर टिकतो, आणि मासे तिथे निपचित पडून हिवाळा काढतात. तुमच्या साठ सेंटिमीटरमधून बर्फाची जाडी वजा करा, तळाचा गाळ वजा करा; काय उरलं? माझा सल्ला: कोईंसाठी खोल भाग दीड मीटर, नुसते गोल्डफिश असतील तर सव्वा मीटर. थंडी फारच कडक असेल तर त्याहून जास्त. सगळं तळं एवढं खोल नको, एक तृतीयांश पुरे.

खणताना भिंती सरळ उभ्या ठेवू नका, किंचित बाहेर कललेल्या ठेवा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. तिरक्या भिंतीवर बर्फ वर सरकतो, उभ्या भिंतीला तो रेटतो आणि काँक्रीटला तडे जातात. काँक्रीटपेक्षा मी रबरी लायनरच्या, म्हणजे खड्ड्यात अंथरायच्या जलरोधक चादरीच्या बाजूचा आहे. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहतं, पीव्हीसी प्लास्टिक ताठरतं. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असावी, खाली जाड फेल्टचं अस्तर हवंच. माप असं काढा: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक दोन्ही कडांना तीस-तीस सेंटिमीटर. दीड मीटर खोली धरली तर तुम्हाला ९.६ बाय ७.६ मीटरचा तुकडा लागेल. कापणं सोपं असतं, जोडणं नाही, तेव्हा हात सैल ठेवा. आणि हे सगळं जमीन गोठण्याआधी संपवा. गोठलेली ढेकळं भरावात गेली की वितळताना पोकळ्या होतात आणि काठ खचतो.

आता माझी चूक. पहिलं तळं मीही उथळच केलं होतं. वसंतात बर्फ उतरला आणि सगळे मासे पालथे तरंगताना दिसले. गारठून मेले, असं मी धरून चाललो. तळ उपसला तेव्हा वीतभर काळा चिखल निघाला आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. मासे थंडीने मेलेच नव्हते, गुदमरले होते.

बर्फाखाली होतं ते असं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: शून्य अंशाला लिटरमागे साधारण १४ मिलिग्रॅम, तर २० अंशांना ९. म्हणजे हिवाळ्याची सुरुवात चांगल्या शिलकीने होते. पण बर्फाचं झाकण बसलं की हवेतून भर पडत नाही. त्यावर हिम साचलं की उजेडही जातो आणि पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडायच्या थांबतात. तळाची पानं मात्र कुजत राहतात, प्राणवायू खातात, वर हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सोडतात, आणि ते झाकणाखाली कोंडतात. निम्मे लोक बर्फालाच शत्रू समजतात. खरी मेख पानझडीत कुजायला पडलेल्या पानांत असते.

म्हणून पानं गळायच्या आधी तळ्यावर जाळी ताणा. मधोमध झोळ पडू देऊ नका, नाहीतर पानं त्यात पाण्याला टेकून भिजत बसतात. तळाचा गाळ काढा, वॉटर लिलीची पिवळी पानं छाटा आणि थंडी सोसणाऱ्या जातीच्या कुंड्या खोल भागात उतरवा. बोरूसारख्या पोकळ देठांच्या वनस्पती मी उभ्याच ठेवतो. देठांतून थोडी हवा खेळते.

खाण्याचं तापमापक बघून ठरवा, तारीख बघून नाही. पाणी १५ अंशांच्या खाली आलं की गव्हांकुरांचं हलकं खाद्य, तेही कमी. १० अंशांखाली पूर्ण बंद. मध्येच एखाद्या उन्हाच्या दिवशी मासे वर येतात, तोंडं उघडतात, आपल्याला कीव येते. हात आवरा. त्यांचं पचन थांबलेलं असतं.

धबधबा असेल तर तो बंद करा. दिसायला सुंदर, पण वाहतं पाणी आणखी थंड होतं, आणि दगडांत बर्फाचे बांध तयार झाले की पाणी भलतीकडे वळून तळं रिकामं होतं. पाइपातलं पाणी काढून टाका. पाण्यातला पंप घरात आणून बादलीत बुडवून ठेवा, कोरडा पडला तर त्याची सीलं आकसतात.

भोक उघडं ठेवायला मी हीटरपेक्षा साधा एअर पंप वापरतो. फक्त एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, तळाशी टाकू नका. काठाजवळ, पृष्ठभागाखाली तीसेक सेंटिमीटरवर टांगा. तळातून बुडबुडे सोडले की खालचं उबदार पाणी ढवळून वर येतं आणि माशांचा आसराच जातो. नळीत बाष्प गोठून ती अधूनमधून तुंबते, तेव्हा रोज नजर टाका. वीज गेली आणि भोक बुजलं तर गरम पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवून धरा, दोरी बांधून, म्हणजे पातेलं बुडणार नाही. हातोडा अजिबात नको. त्याचे हादरे पाण्यातून थेट माशांपर्यंत जातात. मीठ किंवा गाडीत घालतात तो न गोठणारा द्रव ओतायचा विचार करत असाल तर मासे आधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

हिम पडलं की निदान अर्ध्या पृष्ठभागावरचं झाडून काढा, उजेड आत जाऊ दे. हे काठावर उभं राहून, लांब दांड्याच्या झाडूने. बुडबुड्यांच्या आसपासचा बर्फ बाहेरून जाड दिसतो आणि आतून पातळ असतो. घरात लहान मुलं असतील तर कुंपण आधी, मासे नंतर.

बर्फ उतरल्यावर घाई नको. तेव्हा मासे अशक्त असतात, रोगजंतू त्यांच्याआधी जागे होतात आणि फिल्टरमधले उपयोगी जीवाणू अजून सुस्त असतात. अमोनिया (माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात साचणारं विष) तपासत थोडं थोडं पाणी बदला. नळाचं असेल तर क्लोरीन घालवून मगच. पाणी सलग आठवडाभर १० अंशांच्या वर राहिलं की पहिला घास.

खणायच्या आधी एक काम करा. जिथे खोल भाग घ्यायचाय तिथे हातभर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा काढा आणि त्यावर फळी ठेवून दोन-तीन दिवस थांबा. त्यात पाणी झिरपून वर आलं तर भूजल उंच आहे. मग लायनर खालून फुग्यासारखा उचलला जाईल आणि तळ्याची जागा तरी बदलावी लागेल, नाहीतर काठ उंच करून खोली मिळवावी लागेल. खड्ड्यात काय दिसलं ते इथेच कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.