मायग्रेनच्या औषधाच्या ट्रायलमध्ये जावं का? वाट्याला प्लासिबो (दिसायला औषधासारखा, आत औषध नाही) आला तर सहा महिने फुकट जातील ना?

तुमचं वय ३४, मायग्रेन बारा वर्षांचा, महिन्यातले आठ-नऊ दिवस डोकं उठलेलं. डॉक्टरांनी सीजीआरपी नावाच्या शरीरातल्या रेणूचं काम रोखणाऱ्या इंजेक्शनच्या ट्रायलबद्दल विचारलंय आणि घरचे म्हणतात, "त्यांचा उंदीर कशाला व्हायचं, त्यात नुसतं पाण्याचं इंजेक्शन मिळालं तर?" मी डॉक्टर नाही. पुण्यात अशा ट्रायल्सवर सहा वर्षं कोऑर्डिनेटर होते, आणि अकरावीपासून मायग्रेन माझाही आहे. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी जिलेबी. अकरावीत पहिल्यांदा माझं अर्धं डोकं ठणकायला लागलं तेव्हा आईने शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून मला तीन दिवस पहाटे उठवलं आणि सूर्य उगवायच्या आत गरम दुधात बुडवलेली जिलेबी खायला घातली. मळमळत असताना जिलेबी! तिसऱ्या दिवशी डोकं उतरलं. आई आजही ते श्रेय जिलेबीला देते. पण मायग्रेनचा अटॅक असतोच मुळी ४ ते ७२ तासांचा, तिसऱ्या दिवशी तो उपाशीपोटीही उतरला असता. शिवाय माणूस नवा उपाय धरतो कधी? त्रास अगदी कळसाला पोचला की. कळसानंतर उतारच असतो, आणि जे काही त्या वेळी हातात असेल त्याला गुण आल्याचं नाव मिळतं.

हीच भानगड औषधांच्या बाबतीत होते, म्हणून ट्रायलमध्ये प्लासिबो लागतो. मायग्रेनमध्ये तर फारच लागतो. सुमाट्रिप्टान हे अटॅक आल्यावर घ्यायचं नावाजलेलं औषध. अनेक ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तर १०० मिलिग्रॅमच्या गोळीने दोन तासांत दुखणं पूर्ण थांबतं ते शंभरातल्या ३२ जणांचं. आणि प्लासिबोने? ११ जणांचं. म्हणजे गोळीची स्वतःची कमाई २१.

याहून मला हलवून सोडलेली ट्रायल मुलांवरची आहे. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांना मायग्रेन टाळण्यासाठी अमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट वर्षानुवर्षं दिलं जात होतं. या दोघांची प्लासिबोशी गाठ घालून दिली आणि निकाल २०१७ मध्ये छापून आला. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेली मुलं अमिट्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ६१ टक्के! ट्रायल मध्येच थांबवावी लागली, कारण पुढे चालवून हाती काही लागणार नाही हे दिसत होतं. वर टोपिरामेट घेणाऱ्या ३१ टक्के मुलांना मुंग्या येत होत्या, प्लासिबोवाल्यांत ८ टक्क्यांना. प्लासिबोचा गट ठेवला नसता तर 'दोन्ही औषधं निम्म्याहून जास्त मुलांना लागू पडतात' असंच सगळे आनंदाने म्हणत राहिले असते, आणि मुलं मुंग्या सोसत राहिली असती. (मोठ्या माणसांत टोपिरामेटचा उपयोग वेगळ्या ट्रायल्समध्ये दिसलेला आहे. तुमचं चालू असेल तर हे वाचून बंद करू नका.)

आता तुमच्या इंजेक्शनाकडे येते. सीजीआरपी म्हणजे आपल्याच मज्जातंतूंतून सुटणारा एक छोटा प्रथिनासारखा रेणू. अटॅक चालू असताना डोक्याकडून परतणाऱ्या रक्तात, म्हणजे मानेच्या शिरेत, तो वाढलेला असतो, हे गोड्सबी आणि एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं. मग डेन्मार्कमधल्या संशोधकांनी उलट बाजूने पाहिलं: मायग्रेनच्या पेशंटना सीजीआरपी शिरेतून दिलं, तर अनेकांचं डोकं उठलं. हे २००२ सालचं. तिथून औषधाची वाट सरळ असेल असं वाटतं ना? तोंडाने घ्यायची एक गोळी, टेल्कागेपंट, चांगली चालली होती. पण रोज घेणाऱ्या काहींच्या यकृताचे रिपोर्ट बिघडले आणि २०११ मध्ये कंपनीने ती सोडून दिली. पहिलं इंजेक्शन, एरेनुमॅब, अमेरिकेत मंजूर झालं ते मे २०१८ मध्ये. अठ्ठावीस वर्षं.

त्या एरेनुमॅबच्या एका मोठ्या ट्रायलचे आकडे तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ उत्तरच देतात. ९५५ पेशंट, सहा महिने, तीन सारखे गट: ७० मिलिग्रॅम, १४० मिलिग्रॅम आणि प्लासिबो. म्हणजे तिघांतल्या दोघांना खरं औषध. सुरुवातीला सरासरी महिन्याला ८.३ दिवस मायग्रेनचे, तुमच्यासारखेच. खऱ्या औषधाने त्यातले ३.२ आणि ३.७ दिवस कमी झाले, प्लासिबोने १.८. दिवस निम्म्यावर आलेले पेशंट १४० च्या गटात ५० टक्के, प्लासिबोत साधारण २७ टक्के. बघा, प्लासिबोवाल्यांनाही महिन्याचे जवळजवळ दोन दिवस परत मिळाले. दुसरी बाजूही बघा: खरं औषध मिळूनही निम्म्यांचे दिवस निम्म्यावर आले नाहीत. जाहिरातीत फक्त '५० टक्क्यांचे दिवस निम्म्यावर' एवढंच असतं.

'फुकट गेले' असं मला तरी म्हणवत नाही. या ट्रायल्समध्ये सहसा अटॅक आल्यावर तुमची नेहमीची गोळी घेता येते. कुणी तुम्हाला अंधाऱ्या खोलीत तसंच तळमळत ठेवत नाही. पण हे सहीच्या आधी स्पष्ट विचारा: कुठली गोळी चालेल, महिन्याला किती. तसंही साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानसारख्या गोळ्या) १० दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. आमच्याकडे किती तरी जणी स्क्रीनिंगला, म्हणजे ट्रायलमध्ये घेण्याआधीच्या तपासणीला, आल्या आणि पर्समधली गोळ्यांची पाकिटं मोजल्यावर तिथेच अडल्या. त्यांना ट्रायल मिळाली नाही, पण दुखण्याचं अर्धं कारण मिळालं.

योगाचंही कुणी तरी सांगेलच, म्हणून एवढं. दिल्लीच्या एम्समध्ये औषधं आणि औषधं अधिक योग अशी तीन महिन्यांची ट्रायल झाली, ११४ जणांनी ती पूर्ण केली. योगवाल्यांचे अटॅक महिन्याला ९.१ वरून ४.७ वर आले, नुसत्या औषधवाल्यांचे ७.७ वरून ६.८ वर. आशादायक आहे. पण योगाचा प्लासिबो कसा करणार? आपण योग करतोय हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि मोजमाप पेशंटच्याच सांगण्यावर. मी स्वतः करते, तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

सही करण्यापूर्वी माहितीपत्रक घरी घेऊन या. ते मराठीत मिळायला हवं. मिळेल ते मराठी वाचून डोकं दुखू लागेल हा भाग वेगळा. (मी काम करत होते तिथे एका पत्रकात 'तुम्हाला यादृच्छिक केले जाईल' असं लिहिलं होतं, म्हणजे कुठल्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे भूल देणार का?") त्यात सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक शोधा. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे, आणि तो क्रमांक घालून ट्रायलची माहिती कुणालाही बघता येते. पेशंटच्या हिताची काळजी घेणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन पत्रकात असतो. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, पत्रकात ती कशी लिहिलीय ते वाचा. मधूनच बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो आधीच सांगा, कारण बहुतेक ट्रायल्समध्ये गर्भनिरोधनाची अट असते. आणि एक प्रश्न फार कमी लोक विचारतात: सहा महिने संपल्यावर खरं औषध सगळ्यांना मिळणार आहे का? काही ट्रायल्समध्ये तसा पुढचा टप्पा असतो. नसेल आणि तुम्हाला गुण आला असेल, तर सातव्या महिन्यात ते इंजेक्शन स्वतःच्या खिशातून परवडेल का, हा विचार आजच करायला हवा. माझी खरी चिंता प्लासिबोपेक्षा ही आहे.

माझं मत विचाराल तर या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर जा. मी गेले असते. कोऑर्डिनेटर असल्यामुळे मला घेतलं नसतं.

तोवर डायरी आजपासून लिहायला लागा, कारण पहिला महिना नुसता डायरीचाच असतो, औषध नंतर. कधी सुरू झालं, किती ठणकलं, ओकारी झाली का, पाळी कधी, कुठली गोळी घेतली. त्या त्या रात्री लिहा. आमच्या वेळी कागदी डायऱ्या होत्या आणि काही पेशंट महिन्याचे अठ्ठावीस दिवस येताना रिक्षात बसून भरायचे. एकाच निळ्या शाईत, खड्ड्यागणिक सारखंच हललेलं अक्षर. आता बहुतेक ठिकाणी ॲप असतं, दिवस उलटला की कालचं पान उघडत नाही.